केंद्र सुधारलं, मॉडेलही तपासा

बालाघाटला वैनगंगेचा नमुना घ्यायचा तर उजाडण्याआधी काठावर पोचावं लागतं. शेवाळं आणि जिवाणू रात्रभर प्राणवायू वापरतात आणि ऊन पडेपर्यंत नवा तयार होत नाही. नदीची खरी तब्येत तेव्हाच कळते. दुपारचा नमुना ती फार चांगली असल्याचं सांगतो.

३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा राहू न देता भरायची. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून ती उलटसुलट करायची. साका तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर तो संपलाय. मग आम्ल, आणि स्टार्चची निळाई जाईपर्यंत थेंबथेंब थायोसल्फेट. विंकलरची ही मूळ पद्धत १८८८ची. भरवेलीच्या मँगनीज खाणींच्या जिल्ह्यात नदीचा श्वासही मँगनीजच मोजतं, याचं मला अप्रूप वाटतं.

हे आकडे खालच्या नदीसाठीही लागतात. अंभोऱ्याला कन्हान वैनगंगेला मिळते, नाग नदीतून आलेलं नागपूरचं सांडपाणी घेऊन. तिथे काय बिघडलं हे ठरवायला वरून काय आलं ते माहीत हवं.

नागपुरात भांडेवाडीच्या सांडपाणी केंद्राची प्रक्रियाक्षमता वाढली. शुद्ध केलेल्या पाण्याचा काही भाग वीजकेंद्राला जातो. अशा सुधारणेनंतर नदीतल्या प्राणवायूच्या मॉडेलमध्ये बीओडीचा, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचा, भार तेवढा कमी करायचा आणि खालचा प्राणवायू काढायचा, हा मोह होतो. तो चुकीचा आहे. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांच्या १९२५च्या समीकरणात दोन वेग असतात: प्राणवायू खर्च होण्याचा आणि हवेतून पुन्हा मिसळण्याचा. कच्च्या मैलापाण्यातलं द्रव्य जिवाणू झटपट फस्त करतात. प्रक्रियेनंतर उरतं ते चिवट, सावकाश कुजणारं. म्हणजे पहिला वेगच बदलतो. शिवाय बीओडीच्या २७ अंशांवरच्या तीन दिवसांच्या चाचणीत या चिवट द्रव्याचा लहान हिस्साच दिसतो, म्हणून एकूण मागणी काढण्याचा जुना गुणकही चालत नाही. तळाला साचलेला जुना गाळ तर केंद्र सुधारल्यावरही प्राणवायू ओढत राहतो. पुढे गोसीखुर्दच्या फुगवट्यात पाणी संथ होतं आणि दुसरा वेगही मंदावतो.

ज्या नमुन्यांवर मॉडेल बसवलं, त्यांच्यावरच ते तपासणं म्हणजे तपासणी नव्हे. नवं केंद्र चालू झाल्यानंतरचे, उन्हाळ्यातल्या कमी प्रवाहाचे, पहाटेचे वेगळे नमुने घ्या. त्यांच्याशी आकडे जुळेपर्यंत त्या मॉडेलवर कोणत्याही सांडपाण्याला परवानगी देऊ नये.