कामाच्या ठिकाणचा वर्गभेद : ओळख आणि उपाय

वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे येथील औद्योगिक वसाहतींत आपल्यापैकी अनेक जण काम करतात. काहींचे स्वतःचे लहान कारखानेही आहेत. अशा ठिकाणी साहेबांना ‘अहो’ आणि वडिलांच्या वयाच्या सफाई कामगाराला ‘अरे’ म्हणणे कोणाला खटकत नाही.

हा भेद बहुधा सवयीतून येतो. पोशाख, इंग्रजी उच्चार व राहण्याची वस्ती यांवरून आपण माणसाची कुवत ठरवितो. आपल्या सामवेदी वा वाडवळी हेलाला मुंबईच्या कचेरीत कोणी हसले, तर ते आपल्याला झोंबते. मात्र तोच निकष आपण कंत्राटी कामगाराला लावतो. ज्याचे कोणी ऐकत नाही, तो यंत्रातील बिघाडही सांगेनासा होतो.

संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात श्रीमंताला मानाची जागा व गरिबाला पायाशी बसविणाऱ्यांची कानउघाडणी केली आहे. श्रमाची प्रतिष्ठा तो करणाऱ्या माणसामुळे असते, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात शिकविले. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये पंजाबातील तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांना ‘समान कामास समान वेतन’ हे तत्त्व लागू केले.

उपाय आपल्या हाती आहेत. सर्वांना आदराने हाक मारावी. चहा-जेवणाची जागा एकच असावी. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न विचारून प्रत्यक्ष काम पाहावे. बढतीचे निकष आधीच लेखी द्यावेत. येत्या सोमवारी निदान पहिल्या उपायाने आरंभ करू या.