आणखी एक राउटर नको, आधी माप घ्या

२०२० सालच्या टाळेबंदीने घराचं ऑफिस केलं आणि घरातच शाळा भरवली. तेव्हापासून मेश वायफाय मध्यमवर्गीय घरांत रुळलं. एक नोड दिवाणखान्यात टीव्हीशेजारी, दुसरा पॅसेजमध्ये, तिसरा मागच्या बेडरूममध्ये. नाव एक, पासवर्ड एक आणि घरभर रेंज, असं त्याचं आश्वासन. ते पुष्कळ घरांत पुरंही होतं. जिथे होत नाही, तिथलं चित्र मात्र सगळीकडे सारखंच असतं. फोनवर वायफायच्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरी मीटिंगमधला आवाज तुटतो, मुलांच्या वर्गात शिक्षकांचं चित्र थिजतं, यूपीआयचं पेमेंट करायला वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू करावा लागतो. मग ठरलेले उपाय सुरू होतात: सगळं बंद करून पुन्हा चालू करणं, इंटरनेट कंपनीकडे तक्रार, शंभर एमबीपीएसचा प्लॅन तीनशेवर नेणं आणि शेवटी आणखी एक नोड विकत घेणं. बिघाड नेमका कुठे आहे हे न पाहताच हे चारही उपाय केले जातात, ही त्यांची मोठी उणीव. माझं म्हणणं असं की, मेशचं दुखणं बहुतेक वेळा दोन नोडमधल्या दुव्यात असतं. तो दुवा घरबसल्या मोजता येतो, आणि मोजल्यावर कळतं की गरज नोडची जागा बदलण्याची किंवा एक केबल ओढण्याची आहे.

हे पटण्यासाठी वायफायचं काम कसं चालतं ते थोडं पाहायला हवं. एका चॅनेलवर एका वेळी एकाच उपकरणाला बोलता येतं. बाकीच्यांनी ऐकत राहायचं आणि चॅनेल मोकळा झाला की आपली पाळी घ्यायची. राउटरच्या खोक्यावर छापलेला वेग पाळी मिळाल्यानंतरचा असतो; पाळी किती वेळाने मिळेल, हे तो आकडा सांगत नाही. मेशमध्ये या पाळ्यांवरच जास्तीचा भार पडतो. मुख्य नोडला फायबर जोडलेलं असतं. दुसरा नोड त्याच्याकडून हवेतून माहिती घेतो आणि हवेतूनच ती फोनला देतो. ही दोन्ही कामं एकाच रेडिओवर होत असतील, तर माहितीचं प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं आणि हाती येणारा वेग साधारण निम्मा होतो. तिसरा नोड दुसऱ्याच्या आधाराने चालत असेल, तर तेच पाकीट तीनदा पाठवावं लागतं. त्यात एखादा नोड भिंतीआड क्षीण सिग्नलवर तग धरून असेल, तर तो सावकाश बोलतो आणि तेवढा जास्त वेळ चॅनेल अडवून ठेवतो. मग मुख्य नोडशेजारी बसलेल्या लॅपटॉपचाही वेग घसरतो. कोपऱ्यातला एक दुबळा दुवा असा घरभर जाणवतो.

फोनवरच्या रेघा हे सगळं लपवतात. त्या फोन आणि जवळचा नोड यांच्यातला सिग्नल दाखवतात; त्या नोडला पुढून काय मिळतंय, याचा त्यांना पत्ता नसतो. म्हणूनच नोड ठेवताना सर्वांत मोठी चूक होते. जिथे रेंज येत नाही तिथेच लोक नवा नोड ठेवतात. तिथे फोनला रेंज येत नाही, म्हणजे नोडलाही ती नीट येणार नाही, हे उघड आहे. नोडची खरी जागा मुख्य राउटर आणि रेंज नसलेली खोली यांच्या मधोमध, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे. चांगला म्हणजे किती, याला माप आहे. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. दहाने खाली गेला की ताकद एक दशांशावर येते. व्हॉइस आणि व्हिडिओ कॉलसाठी नेटवर्क उभारणारे तंत्रज्ञ उणे ६७ ही किमान पातळी धरतात. अँड्रॉइडवरच्या मोफत ॲपमध्ये हा आकडा दिसतो. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की दिसतो. नोड ठेवायच्या जागी फोन धरून, फक्त मुख्य नोड चालू ठेवून हा आकडा पाहावा. वायफायच्या पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर तो उणे ६५च्या आसपास असेल, तर जागा ठीक. उणे ७५ असेल, तर नोड अलीकडे घ्यावा. आपल्या घरांत हे अंतर फसवं असतं. आरसीसीच्या भिंतीतल्या सळया, लोखंडी कपाट, मोठा आरसा, माळ्यावरची पाण्याची टाकी हे सगळे सिग्नल अडवतात किंवा शोषतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे तर शेजारच्या खोलीतही पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल जेमतेम पोचतो.

जागा पाहून झाली की दुवा तपासायचा. त्याला लॅपटॉप आणि हातभर नेटवर्क केबल पुरते. लॅपटॉपचं वायफाय बंद करून केबल त्या लांबच्या नोडच्या मागच्या पोर्टमध्ये लावावी. आता लॅपटॉप आणि नोड यांच्यात हवा नाही. जे काही हवेतून जातंय ते फक्त नोड ते नोड. कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडून मुख्य नोडच्या पत्त्यावर पिंग चालू ठेवावं. हा पत्ता मेशच्या ॲपमध्ये मिळतो, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. पडद्यावर दर सेकंदाला एक ओळ येते आणि प्रत्येक ओळीत उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. तीन, चार, तीन, पाच असे आकडे स्थिर येत असतील, तर दुवा धडधाकट. चार, नव्वद, सहा, तीनशे, मधेच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, असं दिसत असेल, तर दुखणं सापडलं. हीच चाचणी दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्यावर एकाच वेळी चालवावी. दोन्हीकडे उत्तरं अडखळत असतील, तर दोष घरातला. पहिली खिडकी शांत आणि दुसरी बेताल असेल, तर दोष मुख्य नोडच्या पलीकडचा. दहा मिनिटांत आणि एक रुपयाही न घालवता एवढं निदान होतं. म्हणून प्लॅन वाढवण्याआधी किंवा दुकानात जाण्याआधी ही चाचणी व्हायलाच हवी.

यावर पहिला आक्षेप असा की, दोष कंपनीच्या लाइनचाच असतो, घरात कशाला शोधायचा? कधी कधी तो खरोखर लाइनचा असतो. फायबरच्या मोडेमवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला, तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, आणि मेशमध्ये कितीही खटाटोप केला तरी उपयोग नाही. पण लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडून पूर्ण वेग मिळत असेल, तर कंपनीला दोष देता येत नाही, आणि मिळत नसेल, तर त्याच चाचणीमुळे तक्रार ठोस होते. मोडेम आणि मेश यांच्या सांध्यावरही एक नेहमीचा घोळ असतो. कंपनीचा मोडेम स्वतः राउटरचं काम करतो आणि त्याला जोडलेला मेशचा मुख्य नोडही तेच करतो. घरात दोन राउटर एकामागे एक बसतात. ब्राउझिंग चालतं, पण मोडेमच्या वायफायवरच्या प्रिंटरला मेशवरचा लॅपटॉप सापडत नाही, ऑनलाइन गेम आणि काही व्हीपीएन कुरकुर करतात. शिवाय मोडेमचं स्वतःचं वायफाय चालूच राहून मेशच्याच हवेत गर्दी करतं. उपाय साधा आहे, राउटरचं काम एकाकडेच ठेवणं: मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर न्यावं किंवा कंपनीला सांगून मोडेम ब्रिज मोडवर घ्यावा, आणि मोडेमचं वायफाय बंद करावं.

‘एक नोड जास्त असला तर बिघडलं कुठे?’ हा दुसरा आक्षेप. बिघडतं, कारण कोणत्या नोडला चिकटायचं हे शेवटी फोन ठरवतो. मेश फक्त सुचवू शकतं. ॲपलने आपल्या तांत्रिक माहितीत दिलंय की, सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली जाईपर्यंत आयफोन दुसरा नोड शोधायला लागत नाही, आणि वापर चालू असताना नवा नोड निदान आठ डीबीने सरस असल्याशिवाय तो उडी मारत नाही. साध्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तीन नोड पूर्ण ताकदीने चालू असतील, तर सगळीकडेच सिग्नल उणे ७०च्या वर असतो. दिवाणखान्यात जोडलेला फोन मागच्या खोलीत आला तरी जुन्याच नोडला धरून राहतो. हवेतून आपसांत बोलणारे नोड वाढले की त्या बोलण्यातही चॅनेलचा वेळ जातो. अशा घरात तिसरा नोड आठवडाभर बंद ठेवून पाहावा. फरक पडला नाही किंवा सुधारणाच झाली, तर त्याची गरज नव्हती.

शेजाऱ्यांचा हिशेबही धरायला हवा. सोसायटीच्या इमारतीत फोनवर वीस-पंचवीस नेटवर्क सहज दिसतात आणि तेही त्याच हवेत पाळ्या घेत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. तिथे चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० करून वेग दुप्पट होण्याऐवजी भांडणं दुप्पट होतात. भारतात २०१८मध्ये पाच गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त झाला, त्यामुळे तिथे जागा पुष्कळ आहे. मात्र ५२ ते १४४ या चॅनेलांचा पट्टा रडारही वापरतात. त्यावर चालणाऱ्या राउटरला रडारसारखा संकेत जाणवला की चॅनेल सोडावा लागतो, आणि अशा दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी निदान मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं. दिवसातून एक-दोनदा सगळं घर अचानक ऑफलाइन होऊन आपोआप सावरत असेल, तर हे कारण तपासून पाहावं आणि चॅनेल ३६ ते ४८मध्ये बांधून टाकावा. १६० मेगाहर्ट्झची रुंदी या पट्ट्यात रडारच्या चॅनेलांशिवाय मिळत नाही, म्हणून स्थैर्य हवं असेल तर ८० पुरे.

‘मग महागडं ट्राय-बँड घेतलं की प्रश्न मिटला’ हा तिसरा आक्षेप वजनदार आहे. अशा संचात नोड ते नोड बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो, त्यामुळे वेग निम्मा होण्याची अडचण बरीचशी जाते. वायफाय ६ आणि ७ मध्ये पाळ्या वाटण्याची पद्धतही सुधारली आहे. पण वेगळा रेडिओ असला तरी भिंत तीच असते. वारंवारता जितकी जास्त तितकी ती भिंतीत अधिक क्षीण होते, आणि हे जास्तीचे पट्टे नेमके पाच-सहा गिगाहर्ट्झचे आहेत. मोकळ्या जागेत किंवा एका पातळ भिंतीपलीकडे ट्राय-बँड खरोखर उत्तम चालतं. दोन आरसीसी भिंतींपलीकडे त्याचाही दुवा तुटका होतो. महाग संच हा चांगल्या जागेचा पर्याय होत नाही, आणि केबलचा तर नाहीच.

दुवा पक्का करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे नोडपर्यंत केबल नेणं. साधी कॅट-६ केबल शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग नेते, भिंतीची पर्वा करत नाही आणि नोडची सगळी हवा फोन-लॅपटॉपसाठी मोकळी सोडते. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नाहीत, हे खरं. पण चपटी केबल दाराच्या फटीतून आणि स्कर्टिंगच्या कडेने केसिंग-पट्टीत नेता येते, आणि इलेक्ट्रिशियनचं ते तासाभराचं काम असतं. एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं. केबलच्या टोकाच्या पारदर्शक प्लगमध्ये आठ रंगीत तारा, म्हणजे चार जोड्या असतात. शंभर एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नसेल, तरी केबल ‘चालते’, दिवा लागतो, आणि तीनशेचा प्लॅन शंभराच्या आत अडकून राहतो. वेग ९० ते ९५वर येऊन थबकत असेल, तर आधी प्लग पुन्हा क्रिम्प करून घ्यावा. केबलही शुद्ध तांब्याची मागावी; ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. आणि वीज जाते त्या घरात मोडेम आणि सगळे नोड एकाच इन्व्हर्टरवर असावेत. एक चालू आणि एक बंद राहिला, तर वीज आल्यावर दुवा जुळायला वेळ जातो.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे: ‘लावा आणि विसरा’ म्हणून विकलेल्या वस्तूसाठी ग्राहकाने एवढं का शिकावं? तक्रार रास्त आहे. विक्रेत्यांनी आणि इंटरनेट कंपन्यांनी बसवणीच्या वेळीच नोड ते नोड सिग्नलचा आकडा दाखवून त्यावर सही घ्यायला हवी. मेशच्या ॲपने ‘उत्तम’, ‘मध्यम’ अशा शब्दांऐवजी डीबीएम आणि पिंग दाखवायला हवं. ग्राहकांनी ते मागितलं तरच मिळेल, आणि मागायला काय मागायचं हे ठाऊक असावं लागतं. तोवर क्रम साधा आहे: मोडेमवर तपासा, दुवा मोजा, नोड मधोमध आणा, जमेल तिथे केबल टाका. आणि घराचं रंगकाम, फर्निचर किंवा नवं बांधकाम काढणार असाल, तर विजेच्या तारांपासून वेगळा एक पाइप प्रत्येक खोलीपर्यंत नेऊन त्यात कॅट-६ घालून ठेवायला सांगा. तो खर्च एकदाच होतो आणि पुढे राउटर कितीही वेळा बदलला तरी ती केबल कामी येते.