मणी सरकवून मोजलेला श्वास

न्यूमोनियाची शंका असलेल्या बाळाचा एक्स-रे काढायचा तर यंत्र लागतं, ते चालवणारं माणूस लागतं आणि तिथवर पोचायला रस्ता लागतो. कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या कित्येक ठाकूर-कातकरी वाड्यांचं घोडं या रस्त्यापाशीच अडतं. जुलै 2023मध्ये त्यांतल्याच इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांनाही डोंगर पायीच चढावा लागला. धाप लागलेलं मूल अशा वाटेनं खाली आणण्यापेक्षा तपासणीच वर नेली तर? या प्रश्नाचं उत्तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत शोधलं गेलं. त्यासाठी वापरलेलं साधन म्हणजे एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी.

त्यामागचं शास्त्र सोपं आहे. न्यूमोनियात फुप्फुस ताठर होतं, एका श्वासात पुरेशी हवा आत जात नाही. म्हणून मूल भरभर श्वास घेतं. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान आणि सहकाऱ्यांनी 1984मध्ये दाखवून दिलं, की खोकणाऱ्या मुलाचे श्वास नुसते मोजूनही न्यूमोनियाचा चांगला अंदाज बांधता येतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं वयानुसार मर्यादा ठरवल्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त श्वास, हे धोक्याचं लक्षण.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावागावांतल्या दाया बाळ-बाळंतिणीच्या सर्वांत जवळ होत्या. पण त्यांतल्या निरक्षर दायांना 12च्या पुढे मोजता येत नव्हतं. मग पन्नास-साठ श्वास मोजायचे कसे? वाळूचं घड्याळ आणि मणी मिळून झालेला श्वासमापक हा त्यावरचा तोडगा. दाईनं घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या उघड्या पोटाकडे बघत दहापर्यंत मोजायचं आणि एक मणी सरकवायचा. परत एकपासून दहा, परत एक मणी. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचं. लहान आणि मोठ्या बाळांसाठी मण्यांच्या ओळी वेगळ्या. दहाच्या पुढचा सगळा हिशेब मणी सांभाळत.

दाया, गावातले आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या हाती कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक देऊन न्यूमोनियाचे मृत्यू टळतात का, हे 'सर्च'च्या संशोधनानं तपासलं. 58 गावांत ही सोय आणि लोकशिक्षण, तर तुलनेसाठी 44 गावं. निकाल 1990मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. उपचार मिळालेल्या 612 आजारांत मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के, तुलनेच्या गावांत 13.5 टक्के. न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू दर हजारी 17.5च्या जागी 8.1. औषध जुनंच, स्वस्तच होतं. फरक पडला तो औषध योग्य वेळी दारात पोचल्यामुळे.

या पद्धतीला मर्यादा आहेतच. दम्यानं किंवा तापानंही श्वास वाढतो, रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजण्यात अर्थ नाही, आणि काही मुलांना गरज नसताना प्रतिजैविक जातं. आज बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मिळतो, कोट्रायमोक्साझोलऐवजी अमॉक्सिसिलिन वापरतात. तरी श्वास मोजणं सुटलेलं नाही. 2011पासून आशाताई घरी येऊन नवजात बाळ तपासतात, त्या कार्यक्रमाची मुळंही गडचिरोलीतच आहेत.

घरातल्यांनाही हे जमण्यासारखं आहे. मूल खोकत असेल, 'पोट उडतंय' असं वाटत असेल, तर ते शांत असताना अंगातलं झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. आकडा वयानुसार वर दिलेल्या मर्यादेइतका किंवा जास्त आला, तर त्याच दिवशी आशाताईंना गाठा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल अंगावर पीत नसेल किंवा ओठ निळे दिसत असतील, तर मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि पोटाला डागण्या मात्र देऊ नका. त्यानं न्यूमोनिया बरा होत नाही, उपचाराची वेळ तेवढी निघून जाते.