‘अस्वस्थ’ म्हणजे नेमके काय?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘स्वस्थ बस पाहू!’ हे वाक्य लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. चुळबुळ थांबव, गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ. पण या साध्या शब्दाच्या पोटात बरेच काही आहे. ‘स्व’ म्हणजे आपण आणि ‘स्थ’ म्हणजे राहणारा. जो आपल्या ठिकाणी स्थिर आहे तो स्वस्थ, ज्याचे ते स्थैर्य ढळले तो अस्वस्थ.

सुश्रुतसंहितेत स्वस्थ माणसाची व्याख्या आहे. तिच्यात दोष, अग्नी, धातू, मल यांचा समतोल सांगितला आहेच. पण तेवढ्यावर न थांबता आत्मा, इंद्रिये आणि मनही प्रसन्न असावे, असे म्हटले आहे. म्हणजे शरीर आणि मन अशी फाळणी या शब्दाने मुळातच केली नाही. पुढे भाषांनी आपापला वाटा उचलला. हिंदीत ‘अस्वस्थ’ म्हणजे मुख्यतः आजारी. मराठीत ‘ती बातमी वाचून अस्वस्थ झालो’ असे आपण सहज म्हणतो, आणि ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे कार्यक्रम रद्द’ असेही छापतो.

मनाच्या बेचैनीला मराठीत शब्दांची वाण नाही. माणूस दूर जायला निघाला की लागते ती हुरहूर. निकालाच्या आदल्या रात्री होते ती धाकधूक. करायचे राहून गेले त्याची लागते ती रुखरुख. या प्रत्येक शब्दामागे काही कारण उभे असते. ‘अस्वस्थ’चे तसे नाही. तो फक्त अवस्था सांगतो, कारण सांगत नाही. पुष्कळदा बोलणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

हे मला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी एका सकाळी आईचा फोन आला. ती तेव्हा वाईला थोरल्या भावाकडे होती. म्हणाली, ‘‘जरा अस्वस्थ वाटतंय रे.’’ घरात पुतण्याच्या प्रवेशाची धावपळ चालली होती. मी विचारले, ‘‘कशाची एवढी काळजी करतेस? कुठं दुखतंय का?’’ ‘‘दुखत नाही काही,’’ ती म्हणाली. मी म्हटले, ‘‘मग विचार करू नकोस. स्वस्थ पडून राहा.’’

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. आईला दरदरून घाम फुटला होता, धाप लागली होती. दवाखान्यात तपासणी झाली, तेव्हा हृदयविकाराचा झटका असल्याचे निघाले. आईला मधुमेह होता. डॉक्टरांनी समजावले, की मधुमेहींमध्ये आणि पुष्कळदा स्त्रियांमध्येही छातीत दुखेलच असे नाही. धाप, घाम, मळमळ, कमालीचा थकवा किंवा नुसती अस्वस्थता, एवढ्यावरच तो येऊ शकतो.

आई त्यातून वाचली. घरी आल्यावर मी तिला म्हटले, ‘‘अगं, सकाळीच का नाही सांगितलंस?’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘सांगितलं होतं की.’’

खरेच, तिने अगदी अचूक शब्द वापरला होता. अर्धा अर्थ मी ऐकलाच नव्हता. त्याची रुखरुख मला अजून आहे.

प्रत्येक अस्वस्थता हृदयाचीच असते असे नाही. बहुतेक वेळा ती काळजीचीच असते. पण घरातले वडीलधारे माणूस हा शब्द उच्चारेल, तेव्हा ‘कशाची काळजी करता?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. कधीपासून वाटते आहे? घाम येतो का? श्वास लागतो का? हे आधी विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि ‘स्वस्थ पडून राहा’ हे, डॉक्टरांनी तपासल्यावर, त्यांनाच सांगू द्यावे.