पहिली परसबाग : नुकसान कुठे होते आणि का

मृगाचा पाऊस झाला की घरामागच्या मोकळ्या जागेत चार वाफे ओढून भाजीपाला लावण्याची हौस अनेक कुटुंबांना होते. बियाण्याच्या पुड्या येतात, वाफे तयार होतात आणि दसरा-दिवाळीपर्यंत त्याच जागेत गाजरगवत माजलेले दिसते. विचारणा केल्यास घरातील भगिनी सांगतात, "आमच्या जमिनीत भाजी येतच नाही." शेतात ऊस-कपाशी पिकविणाऱ्या घरातून हे उत्तर यावे याचे नवल वाटते. परंतु ज्वारी-बाजरीची सवय असलेल्या हाताला भाजीपाल्याची नाजूक रोपे नवीनच असतात. पहिल्या हंगामातील नुकसानीची कारणे बहुधा ठरलेली असतात आणि जमीन हे कारण त्यांत क्वचितच असते. ती समजली तर दुसऱ्या हंगामात तीच जागा आठवड्यातून दोन-तीन वेळची भाजी सहज देते, आणि तेवढे बाजाराचे पैसे वाचतात.

रोपे कोलमडणे

टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे उगवून येतात, आठवडाभर छान दिसतात आणि एके दिवशी सकाळी जमिनीलगत खोड दोऱ्यासारखे बारीक होऊन आडवी पडलेली आढळतात. दृष्ट लागली असेही मानले जाते. वास्तविक ही रोपांची मर असून ती जमिनीतील पिथियम व तत्सम बुरशींमुळे होते. या बुरशी थोड्याफार प्रमाणात सर्वच जमिनींत असतात. त्यांना वाव मिळतो तो दाट पेरणी आणि सततची ओल यांमुळे. नवीन माणूस मायेपोटी सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो व पुडीतील सर्व बी वीतभर जागेत टाकतो. पाण्यावाचून मेलेल्या रोपांपेक्षा पाण्याने मेलेली रोपे परसबागेत जास्त आढळतात.

यासाठी 1 मीटर रुंद व 15 सें.मी. उंच गादीवाफा करावा. दोन ओळींत 10 सें.मी. अंतर ठेवून बी 1 ते 1.5 सें.मी. खोल, पातळ पेरावे. पेरणीपूर्वी बियाण्यास ट्रायकोडर्मा किलोस 5 ग्रॅम या प्रमाणात चोळावे. घरगुती पुडीस चिमूटभर पुरते. पाणी झारीने व सकाळीच द्यावे, म्हणजे रात्री वाफ्याचा वरचा थर ओला राहत नाही. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे, ओल लागल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये. रोपे गेलीच तर त्याच मातीत पुन्हा न पेरता वाफ्याची जागा बदलावी. जूनमधील रोपे गेली तरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात फेरपेरणी करता येते व हंगाम हातचा जात नाही. बहुतेक जण मात्र येथेच नाद सोडतात.

हंगाम आणि बियाणे

दुसरी चूक काळ न पाहता पेरण्याची. प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या पहिल्या वर्षी निवासस्थानामागे भर एप्रिलमध्ये अख्खे धने पेरले होते, आणि तेही धने फोडून पेरावेत असे वर्गात शिकवून आल्यावर! अख्ख्या धन्यात दोन बिया असतात. धने हलके रगडून त्यांच्या डाळी कराव्यात व 12 तास भिजवून पेराव्यात, म्हणजे उगवण चांगली व सारखी होते. त्या वर्षी जी चार रोपे उगवली ती उन्हाने बोटभर उंचीवरच फुलावर आली. कोथिंबिरीची भरघोस वाढ थंड हवेतच होते. नवशिक्याने उन्हाळ्यात तिच्या वाटेला जाऊ नये.

फुलकोबीत तर हंगामाबरोबर जातही पाहावी लागते. लवकर येणारी जात उशिरा लावल्यास गड्डा बटणाएवढाच राहतो आणि उशिरा येणारी जात लवकर लावल्यास नुसता पाला माजतो. म्हणून पुडीवरील जात, हंगाम व मुदत वाचूनच बियाणे घ्यावे. कांद्याचे जुने बी तर वापरूच नये, कारण त्याची उगवणशक्ती वर्षभरात झपाट्याने कमी होते.

फुले गळतात म्हणून वेल उपटू नये

दुधी, दोडका, कारली, काकडी यांचे वेल मांडवावर चढतात, फुलतात आणि फुले गळून पडतात. रोग समजून वेल उपटल्याची उदाहरणे आहेत. या वेलींवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात व प्रथम नर फुले येतात. ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढे इवलेसे फळ दिसते. ते येईपर्यंत काही दिवस धीर धरावा. हे इवलेसे फळही पिवळे पडून गळू लागले तर परागीभवन होत नाही असे समजावे. अशा वेळी ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादी फुलाच्या मध्यभागी हलके टेकवावे. काकडी व कारल्याचे हे काम सकाळी, तर दोडका व दुधीचे फूल संध्याकाळी उमलत असल्याने दिवे लागणीच्या सुमारास करावे. वेल नुसताच माजत असल्यास युरिया बंद करावा.

खत, पाणी आणि शेजार

गोठ्यातले ताजे शेण वाफ्यात घालू नये. त्याबरोबर हुमणीच्या अळ्या व तणांचे बी येते, गाजर-मुळ्याला फाटे फुटतात. हाताला कोरडे, भुसभुशीत लागणारे कुजलेले खतच वापरावे. मोरीचे पाणी साबणाचे असते, म्हणून ते पालेभाज्यांना न देता केळी व अळू यांच्याकडे वळवावे. शेवगा, कढीपत्ता उत्तरेच्या कडेला लावावेत, म्हणजे वाफ्यांवर सावली पडत नाही. कुंपण मात्र पेरणीच्या आधीच घालावे. शेजारच्या कोंबड्या उगवणीची वाट पाहत नाहीत.

मावा दिसताच विषारी औषध फवारण्याची घाई करू नये. निंबोळीची 50 ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावी. भेंडीची पाने शिरांकडून पिवळी पडली तर तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा रोग होय. त्यावर औषध नाही. झाड उपटून नष्ट करावे.

सुरुवात 3 मीटर लांबीच्या दोन-तीन वाफ्यांनीच करावी. पैकी एकात मेथी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी. ती 25 ते 30 दिवसांत हाती येते व रोपवाटिकेतील नुकसानीनंतर घरच्यांचा हुरूप टिकतो. गवार, वाल यांचे प्रत्येकी एक निरोगी झाड तोडणीशिवाय राखावे. शेंगा झाडावर पूर्ण वाळल्यावर बी काढून उन्हात वाळवावे व चुलीच्या थंड, कोरड्या राखेत मिसळून झाकणाच्या डब्यात ठेवावे. संकरित जातीचे बी असे धरू नये. डब्यावर जातीचे नाव व वर्ष लिहावे, कारण पुढच्या जूनपर्यंत कोणते बी कशाचे हे आठवत नाही.