कुत्रा पंजे का चावतो?

घरात पॉमेरेनियनसारखा लहान कुत्रा पाळणारी मंडळी स्वतःचे औषध घेऊन झाले की हळूच विचारतात, ‘डॉक्टर, आमचा कुत्रा दिवसभर पंजे चावतो. एखादे मलम द्या ना!’ कुत्र्यावर उपचार करणे हे पशुवैद्यांचे काम. पण या सवयीचा घरातील माणसांच्या आरोग्याशीही संबंध येतो, म्हणून आज थोडी माहिती.

कुत्र्याने अधूनमधून पंजे चाटणे स्वाभाविक आहे. मात्र तो तासन्‌तास चाटत, कुरतडत असेल, कातडी लाल झाली असेल किंवा पांढरे केस लाळेने तांबूस झाले असतील, तर ती नुसती सवय नव्हे, दुखणे आहे असे समजावे.

एकच पाय चावत असेल तर उजेडात बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात. कुसळ, काटा, गोचीड किंवा तुटलेले नख सापडते. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. हाताने चिरडू नये, रॉकेल लावू नये. दोन किंवा चारही पाय चावत असेल तर बहुधा ॲलर्जी असते. पिसवा, धूळ, परागकण, तर कधी खाण्यातला एखादा पदार्थ तिला कारण होतो. चाटून चाटून पंजा ओला राहतो, ओलीत बुरशी वाढते, बुरशीने खाज वाढते आणि कुत्रा अधिकच चाटतो. दिवसभर साखळीला एकटा बांधलेला कुत्रा निव्वळ कंटाळ्यानेही पंजे चावतो. त्याला फिरवणे, खेळवणे हेच त्यावर औषध.

बाहेरून आल्यावर पंजे साध्या कोमट पाण्याने धुऊन बेचक्यांसह कोरडे पुसावेत. पावसाळ्यात तर न चुकता. रागावून किंवा मारून खाज थांबत नाही. फिनेल, जंतुनाशकाचे तीव्र द्रावण किंवा माणसांची मलमे लावू नयेत, कारण ती चाटली जाऊन पोटात जातात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या आपल्या गोळ्या कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, जखम, सूज किंवा दुर्गंधी असली, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आता माणसांविषयी. कुत्र्याची खरूज आणि नायटा माणसालाही लागू शकतो. कुत्र्याला कुशीत घेणाऱ्या मुलाच्या हातावर, पोटावर खाज सुटली किंवा गोल चट्टे उठले, तर डॉक्टरांना ‘घरात कुत्रा आहे’ हे आवर्जून सांगावे. दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नये. त्याने खाज तात्पुरती दबते, पण नायटा पसरतो आणि चिवट होतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रेबीज. पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतलेली जागा काही आठवड्यांनी, महिन्यांनीही आपला कुत्रा कुरतडू लागतो. पंजे चावणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला असतो असे मुळीच नाही. पण त्याबरोबर स्वभाव बदलला, आवाज बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना किंवा खालचा जबडा लोंबू लागला, तर सावध व्हावे. ‘घशात हाड अडकले असेल’ म्हणून तोंडात हात घालू नये. कुत्र्याला वेगळे ठेवून पशुवैद्यांना लगेच कळवावे.

कुत्रा चावला, ओरखडला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लसीबद्दल विचारावे. हळद, चुना, तिखट भरू नये. एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगातून रोगी वाचणे जवळपास अशक्य. वेळीच घेतलेली पूर्ण लस मात्र जीव वाचवते.

कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा टोचावी. पिल्लू घरी आणतानाच हा खर्च आपल्या हिशेबात धरावा.