जुनी डिझेल जीप : घरच्या घरी निगा

वाडीवस्तीवरच्या कितीतरी घरांपुढे आजही जुनी डिझेल जीप उभी दिसते. भाजीच्या पाट्या बाजाराला नेणे, खताच्या गोणी आणणे, पाहुण्यांना स्टँडवर सोडणे ही तिची नित्याची कामे. पण तिची खरी परीक्षा अडल्या वेळी होते. मध्यरात्री सुनेला कळा सुरू झाल्या आणि जीप चालूच झाली नाही, तर काय करायचे? म्हणून गाडीचे दुखणे अंगावर काढू नये.

इंजिन पेटते कसे?

जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा जोराने दाबली, की ती अतिशय तापते. त्या तापल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटतो आणि आपोआप पेट घेतो. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे २११२ सीसीचे इंजिन असे, त्याचेही तत्त्व हेच. तेव्हा स्वच्छ हवा आणि स्वच्छ डिझेल एवढे सांभाळले, की निम्मे काम झाले.

पाणी आणि हवा, दोन शत्रू

डिझेलमधले पाणी पंप आणि नोझलला गंज आणते. पाणी जड असल्याने तळाला बसते. म्हणून फिल्टरच्या तळाला बोल्ट असल्यास सकाळी गाडी चालू करण्यापूर्वी तो सैल करून थोडे डिझेल बाटलीत घ्यावे. पाणी असेल तर खाली वेगळे दिसते. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नये, आतल्या दमट हवेचे पाणी होते.

टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला, की गाडी ‘एअर धरते’. अशा वेळी उगाच स्टार्टर मारून बॅटरी उतरवू नये. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा आणि हातपंप मारत राहावे. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले, की स्क्रू आवळावा.

हवेच्या फिल्टरच्या वाटीत तेल असेल, तर गाळ काढून नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरल्यास इंजिन ते ओढून घेते आणि चावी बंद केली तरी बेफाम पळत राहू शकते.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी हवेचा फिल्टर पाहावा, मग नोझल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर येणे वावगे नाही. पण इंजिन तापल्यावरही तो थांबेना आणि रेडिएटरचे पाणी घटू लागले, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा.

ऑइल सपाट जागी, इंजिन बंद करून काही वेळाने तपासावे. डिझेल गाडीत ते लवकर काळे पडते, त्याने घाबरू नये. ते दुधाळ झाले तर पाणी शिरले आहे. पातळी वाढून डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नये.

जिवाला जपा

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये. त्याचा दाब टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट असतो. डिझेल कातडीतून आत घुसते आणि दिसायला बारीक जखम बोट कापण्यावर जाते. असे झाल्यास दुखत नसले तरी लगेच दवाखाना गाठावा.

इंजेक्शन पंप आणि नोझलची जुळणी घरी करू नये, ते यंत्रावरचे काम आहे. काढलेले ऑइल विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नये. बाकी कामे मात्र घरातल्या एकाने तरी, मुलगा असो की मुलगी, शिकून घ्यावीत. ऑइल कधी बदलले, फिल्टर कधी घातला, हे किलोमीटरसह वहीत टिपून ठेवावे. ती वही गाडीतच असावी, म्हणजे मिस्त्रीलाही दुखणे लवकर सापडते.